बाळंतिणीची कोंबडी

१६ ऑक्टोबर

माझा नवरा मितवल्ली गेल्यापासून दिवसभराचं बोलणं साठत जातं आणि ऐकायला कोणी नसतं. शेजारच्या अतियातला सांगावं तर ती माझं वाक्य पुरं व्हायच्या आत स्वतःच्या गुडघ्यांवर येते. म्हणून ही वही आणली. हिला मध्ये तोंड घालता येत नाही.

आजची बातमी अशी की सोयापेंड मिळत नाही. सोयाबीनची जहाजं बंदरात येऊन उभी आहेत आणि माल सोडवायला डॉलर नाहीत म्हणतात. खाद्याच्या व्यापाऱ्याने हात वर केले. "हाज्जा, मका न्या, तांदळाचा कोंडा न्या, पेंडीचं नाव काढू नका." मी म्हटलं, नुसत्या मक्यावर ब्रॉयलर वाढतो का रे? चरबी चढेल, मांस कुठून चढणार? तो म्हणाला, "मग पिल्लं आणूच नका." टीव्हीवर हॅचरीवाले जिवंत पिल्लं पोत्यात भरून फेकून देताना दाखवले. बघवेना, बंद केला.

उन्हाळ्यापासून शेड रिकामं आहे. घरामागेच आहे ते. पिल्लांची कलकल असली की घरात माणसं असल्यासारखं वाटायचं. आता पंखा फिरतो त्याचा सुद्धा आवाज ऐकू येतो.

पण शेड भरलंच पाहिजे, कारण रबाबचे दिवस भरत आलेत. डिसेंबरच्या शेवटी बाळ येईल. लेक दसूकला दिली आहे, पण पहिल्या खेपेचे चाळीस दिवस ती माझ्याकडे काढणार, तसा तिने शब्द दिलाय. बाळंतिणीला रोज कोंबडीचा रस्सा लागतो आणि ती कोंबडी आईच्या घरची लागते. विकतची आणली तर तिची सासू, इक्बाल हाज्जा, साऱ्या दसूकला सांगत सुटेल. रबाबची खोली मी आत्ताच रंगवायला काढली आहे.

पुदिन्याचा चहा केला. हल्लीच्या पुदिन्यात काही दम नाही. खतं मारून वाढवतात आणि वर पाणी शिंपडून विकतात.

२४ ऑक्टोबर

कफ्र अल-शेखला कोंबडीपालकांच्या प्रशिक्षणाला गेले होते. वजीह नावाचा एक तरुण इंजिनियर, शर्टाच्या बाह्या दुमडलेल्या, बोलायला गोड. त्याने झाकण काढून ट्रे पुढे केला. आत पांढुरक्या, जाडजूड अळ्यांची वळवळ. एरवी दिवसभर कोंबड्यांच्या माना कापणारे बाप्ये दोन पावलं मागे सरले! मी हात घातला. अळ्या गरम असतात, हे मला माहीत नव्हतं.

"खाला, घाण नाही वाटली?" वजीहने विचारलं.

"बेटा, मी एक लेक वाढवली आणि एका नवऱ्याचं आजारपण काढलं. मला आता घाण वाटायला उरलंय काय?"

सगळे हसले. बऱ्याच दिवसांनी माझ्या बोलण्यावर कोणी हसलं.

तर गोष्ट अशी. ही एका काळ्या माशीची अळी. ती माशी ना चावते, ना घरात येते. अळ्यांना खरकटं घालायचं, पोसायच्या, वाळवायच्या, दळायच्या आणि पेंडीऐवजी मक्यात मिसळायच्या. प्रथिनं सोयापेंडीच्या तोडीची. वजीहने फळ्यावर लिहून दिलं: भाज्यांचे देठ, शिळी रोटी, फळांची सालं. "आणि एक लक्षात ठेवा, तुम्ही घालाल तेच अळीत उतरतं आणि अळीत असेल ते कोंबडीत," असं काहीसं म्हणाला. तेव्हा चहा आला होता. चहाही पुचाटच होता.

त्या माशीची अंडी आणली आहेत, औषधाच्या डबीएवढ्या खोक्यात.

३ नोव्हेंबर

फळ्यावर लिहिणं सोपं असतं. खरकटं आणू कुठून? आमच्या गावात शिळी रोटी गच्चीवरच्या बदकांना जाते, मुळोखियाच्या पालेभाजीचे देठ शेळीला, कलिंगडाची साल गाढवाला. अतियातकडे मागितलं. ती मला उम्म रबाब म्हणते, रबाबची आई. म्हणाली, "उम्म रबाब, आमच्याच घरी जे उरत नाही ते तुला काय देऊ?" या गावात माणसांपेक्षा जनावरं आधी ताट पुसतात.

मग मला सुचलं. मी बल्तीमच्या मासळी बाजारात गेले. तिथे बायका ओळीने बसून बोल्टी आणि बोरी मासे साफ करतात आणि आतडी, कल्ले, डोकी बादल्यांत टाकतात. ती घाण संध्याकाळी तळ्यातच जाते. मी म्हटलं, मला द्या.

"हाज्जा, मांजरांसाठी खाणावळ काढलीस का?"

"मांजरांसाठी नाही. अळ्यांसाठी."

हसून हसून एकीची सुरी हातातून पडली. हसू देत. बादल्या फुकट मिळाल्या.

आणि काय सांगू, अळ्या अशा पोसल्यात की वजीहच्या ट्रेमधल्या उपाशी वाटाव्यात. मासळीत देठ-सालींपेक्षा ताकद जास्त, हे कळायला फळा कशाला लागतो? त्याला एकदा फोन करून सांगावंसं वाटलं. मग म्हटलं राहू दे, बिचारा खट्टू होईल.

१२ नोव्हेंबर

पिल्लं आली. एकेक खोकं उघडलं आणि शेड पिवळं झालं. गॅसची शेगडी लावली, तूस पसरलं, पाण्यात चोची बुडवून बुडवून पाणी दाखवलं. दिवसभर कलकल. मी उगाचच तिथे बसून राहिले. जेवणही तिथेच घेऊन गेले.

२६ नोव्हेंबर

पिल्लं अळ्यांवर तुटून पडतात. दाणा टाकला की वास घेऊन आधी अळीचा चुरा वेचतात, मका नंतर. वजन छान धरताहेत. कोंबड्यांकडून तक्रार नाही. तक्रार आहे ती माणसांची.

आज मायक्रोबसमध्ये शेजारी बसलेली बाई दोन थांब्यांनंतर उठून ड्रायव्हरच्या पाठीमागे जाऊन उभी राहिली. जागा असताना उभी! तिच्यानंतर तिथे बसलेल्या माणसाने खिडकी उघडली, एवढ्या थंडीत. मी तोंड वळवून शेतं बघत बसले. विधवा बाई अळ्या पाळते ही बातमी बल्तीमपर्यंत गेलेली दिसते. लोकांना अळ्यांची किळस, मग अळ्यावालीचीही किळस. मितवल्ली असता तर त्याने मोठ्याने विचारलं असतं, "काय हो, माझ्या बायकोला शिंगं फुटलीत का?" तो असताना असं व्हायचंच नाही म्हणा.

अतियातही फिरकत नाही. पूर्वी रोज दुपारी चहाला यायची आणि उठायचं नाव घ्यायची नाही. आता गच्चीवरून बोलते. काल मात्र धावत आली, नाकाला ओढणी लावून, "उम्म रबाब, काही करपतंय, मेलीस की काय!" दूध उतू जाऊन तळाला लागलं होतं. मी शेजारच्याच खोलीत, भांडी पुसत. एवढं काय ओरडायचं? पातेलं काळं झालं होतं खरं.

रबाबच्या खोलीचं कपाट आवरताना मितवल्लीचा राखाडी गल्लाबिया, त्याचा पायघोळ झगा, हाताला लागला. मुद्दाम न धुता ठेवलाय. नाकाशी धरला. काही नाही, नुसतं कापड. लोक म्हणतात, माणसाचा वास कपड्यात वर्षानुवर्षं राहतो. याचा दुखवटा संपेपर्यंतही टिकला नाही. जिवंतपणीही हा असाच, निघाला की मागे वळून बघायचा नाही.

४ डिसेंबर

रबाब आणि जावई हिशाम येऊन गेले. तीन दिवसांपासून वाट बघत होते. फतीरचे पराठे लाटले, बदक भाजलं. मसाले हल्ली मिळमिळीत येतात म्हणून जिरं-धणं मुठीने घातलं.

रबाब दारातच थांबली. डोळे भरून आले तिचे. मला वाटलं, रंगवलेली खोली बघून. मग ओढणी तोंडाशी धरून ती मोरीकडे धावली आणि ओकली. सातव्या महिन्यानंतर सहसा ओकारी होत नाही, पण प्रत्येकीचं शरीर वेगळं. मी पाठ चोळायला गेले तर म्हणाली, "आई, तू नको, तू नको, हिशामला बोलाव." पाठ चोळायला आई नको, नवरा हवा. हल्लीच्या मुली!

हिशामने ताट घेऊन बाहेर पायरीवर जेवण केलं. म्हणाला, "खाला, ऊन छान आहे." ढग आले होते.

जाताना मी विचारलं, "मग चाळीस दिवसांचं ठरलं ना?"

"बघू आई."

"बघू म्हणजे? खोली रंगवलीय."

"डॉक्टर म्हणतात बाळाला थंडी सोसायची नाही. बघू." ती माझ्याकडे बघतच नव्हती. मिठी मारली ती सुद्धा श्वास धरून, पाण्यात बुडी मारावी तशी. मग गाडीत बसली आणि काच खाली केली. मला वाटलं हात हलवायला. हात नाही हलवला.

काय झालं असेल? सासूने मन कलुषित केलं, दुसरं काय.

१८ डिसेंबर

कोंबड्या गेल्या. दसूकच्या कोंबडीच्या दुकानाचा मालक, मुअल्लिम शह्हात, याने सगळा माल उचलला. तो स्वतः आला होता, एक कोंबडी हातात धरून, तिची छाती चाचपून म्हणाला, "हाज्जा, या दिवसांत अशी कोंबडी डेल्टात दुसऱ्या कोणाकडे दाखवा. लोक मका घालून चरबीचे गोळे विकताहेत." मी अळ्यांचं सांगितलं. तो म्हणाला, "कोंबडी जंगलात काय पेंड खात होती काय? अळीच खात होती." शहाणा माणूस! मला त्याच्या पगडीचा मुका घ्यावासा वाटला.

सगळ्यांत देखण्या कोंबड्या मात्र वेगळ्या ठेवल्यात. त्या माझ्या लेकीच्या.

शेड पुन्हा रिकामं. तूस काढलं, चुना मारला. पुढचा लॉट महिनाअखेर येईल. आज घरात इतकी शांतता होती की मी रेडिओ लावून शेडमध्ये ठेवला, कोणासाठी ते मला ठाऊक नाही.

२२ डिसेंबर

नात झाली! पहाटे हिशामचा फोन. दोघी सुखरूप. अल्लाहचे आभार. मी कोंबड्या पिंजऱ्यात भरते आहे.

२३ डिसेंबर

लिहू नये असं वाटतं, पण मग कोणाला सांगू?

दसूकला पोचले तेव्हा मायक्रोबसवाल्याने पिंजरा टपावर टाकायला लावला आणि मलाही दाराशी बसवलं. इक्बाल हाज्जाने दार उघडलं, मबरूक मबरूक म्हणत अभिनंदन केलं, गाल मात्र लांबूनच पुढे केला. बाळ झोपलं होतं. लांबून पाहिलं. रबाब फिकी पडली होती. मी म्हटलं, आधी रस्सा, मग बोलू.

त्यांच्याच स्वयंपाकघरात मी कोंबडी साफ केली. पीठ, मीठ, लिंबू चोळून धुतली, माझ्या आईने शिकवलं तशी. कांदा, वेलची, तमालपत्र, मस्तकीच्या सुगंधी डिंकाचा खडा, काही विसरले नाही. पाण्याला उकळी फुटली तशी इक्बाल हाज्जा आत आली. तिने खिडकी उघडली. मग वेलचीची डबी घेऊन मूठभर वेलची पातेल्यात टाकली. मग आणखी मस्तकी टाकली. मी बघतच राहिले. माझ्या पातेल्यात, माझ्या लेकीच्या रस्स्यात, माझ्यादेखत!

"हाज्जा, मला रस्सा करता येत नाही असं वाटतं का तुला?"

"देवाशपथ, तसं नाही उम्म रबाब. थोडं जास्त असलेलं बरं."

वाडगा घेऊन मी रबाबकडे गेले. तिने चमचा तोंडाजवळ नेला आणि ठेवला. मग भिंतीकडे वळून झोपली. "पोट भरलंय आई." पोट भरलंय! बाळंतीण बाई, कालपासून उपाशी. मी हट्टाने स्वतः चमचाभर प्यायले. चांगला होता. मीठ तेवढं कमी होतं.

थोड्या वेळाने पाहिलं तर इक्बाल हाज्जा तिला कबुतराचा रस्सा पाजत होती, आणि माझी लेक पीत होती. पातेलं झाकून बाल्कनीत ठेवलेलं. उरलेल्या कोंबड्या पिंजऱ्यासकट जिन्याखाली.

संध्याकाळ व्हायच्या आत निघाले. कोणी राहा म्हटलं नाही. चाळीस दिवसांचा विषय कोणी काढला नाही, मीही नाही. बसमध्ये रडले. शेजारची जागा रिकामीच होती, त्यामुळे रडायला सोयीचं झालं.

२६ डिसेंबर

शह्हातचा फोन. पुढचा माल घेणार नाही. का, ते नीट सांगेना. "हाज्जा, बाजार मंद आहे, हाज्जा, थंडी आहे." मी सरळ दसूकला त्याच्या दुकानी गेले. शह्हात मला बघून मागच्या दाराने सटकला. गल्ल्यावर नव्हतं कोणी. आत त्याची बायको उम्म बहीज पिसं काढत होती, दंडापर्यंत ओली.

"खाला, तो लाजतोय, मीच सांगते. तुझ्या कोंबड्या लोकांनी परत आणल्या. शिजवलेल्या, पातेल्यासकट. एका बाईने तर पातेलं इथे ओट्यावर उपडं केलं. मासळीचा वास मारतात गं. कच्च्या मासळीचा हिवसट वास. कोंबडीचा नेहमीचा वास वेलचीने जातो, तसला नाही, हाडात मुरलेला."

"खोटं!"

तिने वाद घातला नाही. स्टोव्हवर तिचं स्वतःचं पातेलं होतं, माझीच कोंबडी, परत आलेल्यांपैकी. कुत्र्यासाठी उकडत होती. झाकण काढून तिने माझं तोंड वाफेवर धरलं. "घे वास."

गरम वाफ लागली. डोळ्यांना पाणी आलं. बाकी काही नाही. मी म्हटलं, "बघ! कुठे आहे वास?"

तेवढ्यात आत आलेल्या एका गिऱ्हाईक बाईने ओढणीने नाक दाबलं होतं. उम्म बहीजने हात पुसले, फरशी धुवायच्या क्लोरची बाटली उघडली आणि माझ्या नाकाखाली धरली. "आणि हा?"

"कसला?"

"खाला," ती हळू म्हणाली, "तुला वास येत नाही?"

मी तिच्यावर ओरडले. काय ओरडले ते आठवत नाही. लोक जमले होते.

२७ डिसेंबर

सकाळपासून स्वयंपाकघरात बसले आहे. कांदा फोडला. जिरं भाजलं, काळं होईपर्यंत भाजलं. व्हिनेगर, रॉकेल, डांबरगोळ्या, कॉफी, वेलची. झोंबतं, डोळे चुरचुरतात. वास नाही. कशालाच नाही. पुदिन्याची जुडी चुरडून चुरडून हिरवी बोटं नाकात घातली, वेड्यासारखी.

पुदिना बरा असणार. मसालेही बरे असणार.

हा वास कधी गेला? मितवल्ली तापात होता तेव्हा मलाही ताप आला होता. तो गेला आणि मी उठले. मग मातम, माणसं, मग शांतता. त्या गडबडीत कधीतरी वास गेला असेल आणि माझ्या लक्षातही आलं नाही. जेवण बेचव लागायचं, मी म्हणायचे, एकटीसाठी रांधलेल्याला चव नसतेच.

आणि मी अंगावर मासळीची आतडी घेऊन फिरत होते. बसमध्ये. लेकीच्या दारात. तिच्या बाळंतपणाच्या खोलीत. अळ्यांच्या ट्रेत हात घालायचा, हात साबणाने धुवायचे आणि स्वतःला स्वच्छ म्हणायचं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या स्वयंपाकघरांना नावं ठेवली मी. मला इतकी लाज वाटते आहे की दिवा लावावासा वाटत नाही.

वजीहने सांगितलं होतं. मी चहाकडे बघत होते.

गल्लाबिया पुन्हा काढला. म्हणजे यात तो असेल अजून. कदाचित चांगला भरून असेल, तंबाखू आणि घाम आणि ते त्याचं स्वस्तातलं अत्तर. मला कळायचा मार्ग नाही. आणि हा काही मी अतियातला हुंगायला देणार नाही.

२८ डिसेंबर

आज नातीचा सातवा दिवस, बाळाच्या कानाशी खलबत्ता वाजवायचा सोहळा. गेले नाही. कसं जाणार? ताप आहे म्हणून कळवलं. हिशामने फोन लावून जमिनीवर ठेवला असावा. पितळी खलबत्त्याचा ठणठणाट ऐकू आला, बायकांच्या किलकाऱ्या, चाळणीत निजवलेलं बाळ रडलं. "आईचं ऐक, आजीचं ऐकू नको" असं कोणीतरी म्हणालं, रीतीप्रमाणे सगळे असंच म्हणतात. पण सगळे हसले ते मला बरं वाटलं नाही. मग कोणाचा तरी पाय फोनला लागून तो बंद झाला. मी बराच वेळ कानाशी धरून होते.

३ जानेवारी

घर धुते आहे. क्लोर, लिंबू, खायचा सोडा. पण धुतलं गेलं की नाही हे ठरवायचं कशाने? डोळ्यांना सगळं पहिल्यापासूनच स्वच्छ दिसत होतं.

शेवटी लाज गिळली आणि गच्चीवरून हाक मारली. "अतियात, खाली ये. माझ्या घराचा वास घेऊन दे."

ती उघड्या तोंडाने बघत राहिली. मी सगळं सांगितलं, एका दमात. आणि त्या बाईने, आयुष्यात पहिल्यांदा, माझं वाक्य पुरं होऊ दिलं.

मग आली, बाह्या वर करून, घोड्यासारखी नाकपुड्या फुलवत. "पडदे, जाळ. गादी, उन्हात टाक, आठ दिवस. ही उशी? अगं बाई, या उशीवर बोल्टी झोपला होता का? ही चटई ठीक आहे. रबाबची खोली ठीक आहे, बंद होती ना. आता तू जवळ ये." मी गेले. तिने माझा खांदा हुंगला, केस हुंगले. "ओढण्या सगळ्या टाकून दे. तुझे केस रोज धू, नुसते हात नाही."

"इतके दिवस सांगितलं का नाहीस, मेले?"

"कसं सांगायचं गं? तू नवऱ्यामागे एकटी. मला वाटलं, बाई दुःखात आहे, अंघोळ करत नसेल."

दोघी हसलो आणि मग मी रडले, आणि तिने चहा केला. किती वाईट करते ती चहा, हे निदान आता कळत नाही.

अळ्या सगळ्या पुरल्या. नवीन अंडी आणली. बेकरीचं झाडलेलं पीठ, चुरा आणि भरड्याच्या गिरणीतला कोंडा मिळतोय. या अळ्या बारीक आहेत, सावकाश वाढतात. वजीहला फोन केला. तो रागावला नाही, म्हणाला, "खाला, मासळीच्या अळ्या घालायच्याच तर लहान पिल्लांना घाला, विकायच्या आधी महिनाभर बंद करा." मी म्हटलं, मला आता मासळीचं नाव नको. रोज सकाळी अतियात ट्रे हुंगते आणि मान हलवते. त्याच्या बदल्यात तिच्या गुडघ्यांचं सगळं ऐकून घेते.

११ जानेवारी

रबाबला फोन केला. तीनदा मीच कापला, चौथ्यांदा सांगितलं. मला वास येत नाही, कधीपासून ते माहीत नाही, कोंबड्यांचं असं झालं, घराचं असं झालं, तुला ओकारी आली ती माझ्यामुळे.

पलीकडे तिने खोलीचं दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"आई, मला वाटलं तुला कळतंय," ती म्हणाली. "मला वाटलं, तुला कळतंय आणि तुला फिकीर नाही. बाबा गेल्यावर तू स्वतःला सोडून दिलंस असं वाटलं. हिशाम म्हणायचा सांग, सासूबाई म्हणायच्या सांग. आईला कसं सांगायचं की तुझ्या अंगाला घाण येते?"

"तोंडाने सांगायचं."

"तू ऐकलं असतंस?"

ऐकलं नसतं. ते मी बोलले नाही. ती रडत होती की बाळ रडत होतं, कळलं नाही. मग "बाळ उठलंय" म्हणाली आणि ठेवला. येते असं म्हणाली नाही. चाळीस दिवसांतले निम्मे संपलेही. खोलीतलं रंगकामही वाळून जुनं झालं.

२५ जानेवारी

दुपारी शेडमध्ये होते, नवीन पिल्लांना दाणा टाकत. मागे गाडीचं दार वाजलं. मला वाटलं खाद्यवाला. वळले तर रबाब दारात उभी, बाळ दुपट्यात, मागे हिशाम पिशव्या घेऊन.

मी जागची हलले नाही. म्हटलं, "पुढे येऊ नको. आंघोळ करून येते. पंधरा मिनिटं थांब, केस धुऊन येते."

"आई, ये इकडे."

"अगं अंगावर दाण्याची धूळ आहे, अळ्यांचा हात—"

ती तशीच आत आली, तुसातून, पिल्लं पायांत येत होती त्यांना बाजूला सारत, आणि बाळ माझ्या हातांत ठेवलं. इतकं हलकं. डोळे मिटलेले, मूठ हनुवटीशी. मी तोंड तिच्या टाळूवर टेकवलं आणि श्वास घेतला. सगळ्या आज्या घेतात तसा. ऊब लागली. मऊ लागलं. बाकी कोरं.

हे मात्र मला सोसेना. कांदा गेला, कॉफी गेली, त्याचं मला काही वाटलं नसतं.

"रबाब," मी म्हटलं, "हिला वास कसला येतो गं? मला सांग."

रबाबने वाकून बाळाच्या मानेत नाक घातलं. बराच वेळ घेतला. मग वर बघून हसली, डोळे भरलेले.

"आत्ता? आत्ता तुझा येतोय."

मी घाईने बाळ पुढे केलं, माझा वास लागला हिला, धर, धर, लवकर घे. तिने दोन्ही हात ओढणीत घातले आणि घेतलं नाही.